वाचकांचे प्रश्न : समलिंगी माणसे, धर्म आणि मानवतावाद

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. त्या निकालावरचा लेख या मासिकात छापून आल्यापासून वाचकांची पत्रे येत राहिली आहेत. काही रागाने लिहिलेली आहेत, काही कुतूहलाने, आणि काही अशी की त्यांना अंकाची वाट न पाहता आधी पोस्टाने उत्तर पाठवावे लागले. त्यांतली पाच पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. लेखकांची नावे व गावे वगळली आहेत, आणि टपालाने उत्तर गेलेल्या पत्रांना येथे थोडे सविस्तर उत्तर दिले आहे.

प्रश्न : आमचे घर तीन पिढ्यांचे माळकरी आहे. मुलगी सत्तावीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. दिवाळीत स्थळांचा विषय निघाला तेव्हा तिने सांगितले की तिला पुरुषाशी लग्न करायचेच नाही, आणि जिच्याबरोबर ती राहते त्या मैत्रिणीशीच तिचे नाते आहे. तेव्हापासून यजमान तिच्याशी बोलत नाहीत. थोरल्या दिरांनी एका महाराजांचे नाव सुचवले आहे. तीन अमावास्या केल्या की बाधा उतरते म्हणतात. एका डॉक्टरांनीही ‘औषधाने फरक पडेल’ असे सांगितले. तुमचे मासिक देव न मानणाऱ्यांचे आहे हे मला ठाऊक आहे, तरी विचारते : जे धर्मात बसत नाही ते आई म्हणून मी कसे मान्य करू, आणि माझे कुठे चुकले?

उत्तर : ताई, आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सारे प्रश्न त्याच्याच ओझ्याखाली दबलेले दिसतात. आपले कुठेही चुकलेले नाही. माणसाचा लैंगिक कल कशाने ठरतो याचे एकच एक कारण शास्त्राला सापडलेले नाही. परंतु आईचे लाड, वडिलांचा धाक, मुलींची शाळा किंवा पुण्याचे पाणी ही ती कारणे नव्हेत, आणि इच्छाशक्तीने, औषधाने किंवा लग्नाने तो कल बदलत नाही, एवढे पुरेसे स्पष्ट झालेले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली, समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. आपल्याकडच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही २०१८ साली हा आजार नसल्याचे जाहीरपणे सांगितले. तेव्हा ‘फरक पडेल’ म्हणणारे डॉक्टर नेमका कोणता रोग बरा करणार आहेत, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यावे, अशी विनंती आपण त्यांना जरूर करावी. ते लिहून देणार नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असल्या ‘कल बदलण्याच्या’ उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेले आहे, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर असे सांगतो की समाजाची नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्ये एखाद्याला मान्य नाहीत एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

महाराजांविषयी मात्र मी सौम्य भाषेत लिहू शकत नाही. बाधा उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणे, छडीने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे, हे सारे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात लिहिलेले आहेत. त्यांना सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. हे प्रकार घडत होते म्हणूनच ते कायद्यात इतक्या बारकाईने लिहावे लागले. पहिल्या अमावास्येला नुसता अंगारा दिला जाईल, दुसऱ्या अमावास्येला उपास सांगितला जाईल, आणि तिसऱ्या अमावास्येला मुलीला खोलीत एकटी सोडून आपण बाहेर बसा असे सांगितले जाईल. आपल्या दिरांचा हेतू चांगला असेल. पण त्या खोलीपर्यंत आपल्या मुलीला नेण्याचा अधिकार त्यांना नाही आणि आपल्यालाही नाही, कारण ती सज्ञान आहे.

आता धर्माविषयी. गळ्यातली माळ काढून ठेवा असे मी आपल्याला सांगणार नाही. मानवतावाद्याला दुसऱ्याच्या श्रद्धेशी वैर धरण्याचे कारण नसते, त्या श्रद्धेपायी कोणा तिसऱ्याचे आयुष्य मोडत असेल तेव्हाच त्याने बोलायचे असते. संतांनी समलिंगी नात्यांना संमती दिली आहे असा खोटा दिलासाही मी देणार नाही. हा प्रश्न त्यांच्यापुढे अशा स्वरूपात आलेलाच नव्हता. परंतु वारीत समोर आलेल्या माणसाचे वय, जात, गाव न विचारता आधी त्याच्या पायांवर डोके ठेवण्याची रीत आपल्याच संप्रदायाने घालून दिली आहे, आणि ती रीत आपण आयुष्यभर पाळली असणार. अनोळखी माणसाला जे आपण न विचारता देता, ते मुलीला देताना आधी ग्रंथाची परवानगी का लागावी, याचा विचार माझ्यासारख्या देव न मानणाऱ्यापेक्षा आपणच अधिक चांगला करू शकाल.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ म्हणून तिचे लग्न लावून देऊ नका. त्यात तिच्याबरोबर एका निरपराध मुलाचे आणि त्याच्या आईवडिलांचेही आयुष्य नासते. घटस्फोटासाठी जेव्हा ही माणसे वकिलाकडे येतात तेव्हा ‘आम्हाला आधी माहीत होते’ हे मुलीकडच्यांना तोंडातून काढणेही जड जाते. त्यापेक्षा तिला फोन करा, आणि त्या मैत्रिणीचे नाव विचारा. आपल्या पत्रात ते कुठेही आलेले नाही. यजमानांचे बोलणे बंद आहे ते कदाचित आणखी काही महिने बंद राहील; घरात एकाने बोलणे चालू ठेवले असले की दुसऱ्याला परत यायला वाट राहते. पुण्यात समपथिक ट्रस्ट आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट या संस्था या क्षेत्रात दीर्घकाळ काम करीत आहेत, आणि तेथे आपल्यासारखे आईवडील भेटणे अवघड नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा समर्थक आहे. खजुराहोची शिल्पे, कामसूत्र, पुराणकथा यांवरून स्पष्ट दिसते की आपली परंपरा उदार होती आणि हा द्वेष इंग्रजांनी आणला. आपण विवेकवादी मंडळी हे अभिमानाने का सांगत नाही? धर्मग्रंथांतूनच हक्क सिद्ध करून दाखवला तर विरोध आपोआप मावळेल.

उत्तर : आपण म्हणता त्यातले अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे पुन्हा पुन्हा सांगितलेही पाहिजे. भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम ही या मातीतली गोष्ट नव्हेच. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३३ साली जे पाप तोवर चर्चच्या न्यायालयात निवाड्याला जात असे त्याला राज्याचा गुन्हा करून फाशीची शिक्षा ठेवली. तीच कल्पना मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० च्या संहितेत उतरली आणि ‘निसर्गक्रमाविरुद्धचा संभोग’ या शब्दांत १८६२ पासून आपल्याकडे लागू झाली. इंग्लंडने स्वतःकडचा कायदा १९६७ साली सैल केला. आपण मात्र २०१८ पर्यंत तो आपल्या संस्कृतीचा ठेवा म्हणून जपला, ही गंमत विसरण्यासारखी नाही.

परंतु उरलेल्या अर्ध्याकडे पाहा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाशी संग करणाऱ्या द्विजाला प्रायश्चित्त काय, तर अंगावरच्या वस्त्रांसह स्नान. तेच प्रायश्चित्त बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा स्त्रीशी संग करणाऱ्यालाही सांगितले आहे. एवढे वाचून थांबले तर आपल्या म्हणण्याला भक्कम आधार मिळाला असे वाटते. मग आठवा अध्याय उघडावा. तेथे एका कुमारिकेने दुसऱ्या कुमारिकेशी तसे केल्यास दोनशे पणांचा (पण हे त्या काळचे नाणे) दंड आणि फटके आहेत, आणि मोठ्या स्त्रीने कुमारिकेशी केल्यास तिचे मुंडन करावे किंवा दोन बोटे छाटावीत आणि गाढवावरून धिंड काढावी असे लिहिले आहे. त्याच अकराव्या अध्यायात पुरुषाशी मैथुन हे जातिभ्रंश करणाऱ्या पातकांतही गणले आहे. आता आपण अंघोळीचा श्लोक दाखवायचा, समोरच्याने बोटे छाटण्याचा दाखवायचा, आणि ज्या मुलीचे आयुष्य पणाला लागले आहे तिने निकालाची वाट पाहत बसायचे, असा हा डाव होईल. ग्रंथाला पंच म्हणून एकदा खुर्चीवर बसवले की त्याचा निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी तो मानावा लागतो.

याचे एक ताजे उदाहरण देतो. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी ‘पांचजन्य’ व ‘ऑर्गनायझर’ यांना दिलेल्या मुलाखतीत जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांची कथा सांगून, अशी माणसे पूर्वीपासून आहेत आणि त्यांना जगण्याचा अधिकार आहे, असे म्हटले. ते स्वागतार्हच होते. पुढे दोनच महिन्यांनी, विवाहाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे असताना, त्याच संघटनेच्या सरकार्यवाहांनी विवाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यामधला संस्कार आहे असे सांगून समलिंगी विवाहाला विरोध केला. परंपरेतून मिळालेली सहिष्णुता साधारणपणे एवढीच दूर जाते. ती ‘तुम्ही पूर्वीही होतात’ इथपर्यंत येते. ‘तुम्ही आमच्या बरोबरीचे आहात’ हे म्हणायची वेळ आली की थबकते.

महाराष्ट्राला अभिमान बाळगायचा असेल तर तो खजुराहोपेक्षा जवळचा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवीत असत, आणि त्यातील वाचकांच्या प्रश्नांची सदरे हा त्या मासिकाचा प्राण होता. संततिनियमनाच्या प्रचारापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावलेला हा माणूस, हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली अश्लीलतेच्या आरोपाखाली मुंबईच्या न्यायालयात उभा राहिला. त्याचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लिखाण अश्लील ठरत नाही, लोक विचारतात त्या प्रश्नांना ज्ञानाने उत्तर दिले नाही तर अज्ञान तसेच राहील, आणि समलिंगी ओढ ही काहींच्या ठिकाणी निसर्गतःच असेल तर त्यात गैर काय, अशा दिशेने हॅव्हलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेत बाबासाहेबांनी बाजू मांडली. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला, आणि मासिक पुढच्या महिन्यातही निघाले. या दोघांपैकी कोणीही वेदात काय लिहिले आहे हे न्यायालयाला दाखवायला गेले नाही. या माणसांमुळे कोणाचे काय नुकसान होते, हा त्यांचा प्रश्न होता. आजही आमचा प्रश्न तोच आहे, आणि म्हणून कल जन्मजात आहे की नाही या वादावरही आम्ही हक्काची इमारत उभी करीत नाही. उद्या तो जन्मजात नाही असे सिद्ध झाले, तरी दोन सज्ञान माणसांनी परस्परसंमतीने कोणावर प्रेम करावे हे ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्यांकडे जात नाही. धर्म हाही जन्मजात नसतो. तो बदलता येतो, सोडता येतो, आणि तरीही त्याच्या स्वातंत्र्याला संविधानाचे संरक्षण आहे.

प्रश्न : लोकशाहीत बहुसंख्यांच्या धर्मभावनांना काही किंमत आहे की नाही? सर्व धर्म ज्याला निषिद्ध मानतात ते मूठभर लोकांसाठी कायदेशीर करायचे, आणि उद्या भटजी, मौलवी, पाद्री यांना अशी लग्ने लावण्याची सक्ती करायची काय? तुमचा मानवतावाद हाही शेवटी परदेशातून आलेला एक धर्मच आहे आणि तो तुम्ही आमच्यावर लादत आहात.

उत्तर : आपले पत्र रागाचे असले तरी त्यातला सक्तीविषयीचा मुद्दा रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. कोणत्याही धर्मोपदेशकाला त्याच्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावण्याची सक्ती होऊ नये, असे मानवतावादी म्हणूनच माझे ठाम मत आहे. तशी मागणीही कोणी केलेली नाही. सर्वोच्च न्यायालयातला युक्तिवाद मुख्यतः १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर झाला. त्या कायद्यात विवाह अधिकारी, तीन साक्षीदार आणि नोंदवही एवढाच सरंजाम असतो, मंगलाष्टके नसतात आणि निकाहनामाही नसतो. कॅनडाने २००५ साली समलिंगी विवाहाचा कायदा केला तेव्हा धर्मोपदेशकांना नकार देण्याचे स्वातंत्र्य त्याच कायद्यात लिहून ठेवले, आणि इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडला त्यातून वेगळेच ठेवले. नोंदवही राज्याची आणि वेदी धर्माची, एवढा भेद पाळला तर कोणाच्याही भावनांना धक्का लागण्याचे कारण नाही. थायलंडसारख्या बौद्धबहुल देशात जानेवारी २०२५ पासून असे विवाह होत आहेत. तेथल्या भिक्षूंचा दिनक्रम त्यामुळे बदललेला नाही.

सर्व धर्म निषिद्ध मानतात, हे मात्र तितकेसे खरे नाही. धर्मांच्या आत आज या प्रश्नावर मोठा वाद चालू आहे, आणि तो श्रद्धावानच घालीत आहेत. विरोधाच्या बाजूला मात्र एकोपा दिसतो, हे मान्य. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ‘नाझ फाउंडेशन’च्या याचिकेवर ३७७ वे कलम खाजगी, संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी पाहा : दिल्लीचे एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती चर्चांच्या संघटना, आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा नावाची एक संघटना. सर्वधर्मसमभावाचे असे दर्शन एरवी दंगलीनंतरच्या शांतता समितीतही घडत नाही. त्या अपिलावर ११ डिसेंबर २०१३ रोजी कलम पुन्हा जिवंत झाले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने त्याचा तो भाग काढून टाकला.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर २००९ च्या त्या निकालातच आहे, आणि तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, हे मूळचे सोलापूरचे. लोकांमध्ये प्रचलित असलेली नैतिकता आणि संविधानाची नैतिकता या दोन वेगळ्या गोष्टी असून, मूलभूत हक्कांवर बंधन घालायचे तर पहिलीचा आधार पुरत नाही, असे त्यांनी म्हटले. आणि त्यासाठी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी सांगितलेले तत्त्व पुढे ठेवले की सांविधानिक नैतिकता ही माणसाला उपजत नसते, ती जोपासावी लागते. बहुसंख्यांच्या भावना हाच निकष धरला असता तर चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली महाडच्या बहुसंख्यांनी कोणाला पिऊ दिले असते, हे आपणास सांगायला नको. भावना तेव्हाही धार्मिकच होत्या, आणि दुखावल्याही होत्या.

मानवतावाद परदेशी असल्याच्या आरोपावर फार वेळ घालवत नाही. जगभरच्या मानवतावाद्यांची संघटना १९५२ साली अॅमस्टरडॅमला स्थापन झाली तेव्हा मानवेंद्रनाथ रॉय यांची भारतीय चळवळ तिच्या संस्थापकांत होती, आणि त्या चळवळीत वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे होते. आगरकर तर त्याआधी साठ-सत्तर वर्षांचे. तो धर्म आहे काय? त्याला ग्रंथ नाही, प्रेषित नाही, आणि कोणी सोडून गेला तर बहिष्कार नाही.

मात्र आमच्या बाजूची एक अडचण मी लपवीत नाही. ईश्वर बाजूला सारला की न्याय आपोआप येतो, असा भाबडा समज आमच्यातही आहे, आणि इतिहास त्याला दुजोरा देत नाही. धर्म न मानणाऱ्या सोव्हिएत संघात स्टालिनच्या काळात, १९३४ साली, पुरुषांमधील समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरले, आणि माणसे श्रमछावण्यांत गेली. विजेचे झटके देऊन कल बदलू पाहणारे पाद्री नव्हते, पदवीधर डॉक्टर होते. ब्रिटनने १९५२ साली अॅलन ट्युरिंगसारख्या गणितज्ञाला दोषी ठरवून संप्रेरके टोचून घ्यायला लावली, तेव्हाही विज्ञानाचीच भाषा वापरली गेली. आपल्याकडच्या पुरोगामी घरांतही ‘विचाराने पाठिंबा आहे, पण आमच्या मुलाने असे सांगू नये’ ही वृत्ती कमी नाही. म्हणून आमचा आक्षेप श्रद्धेवर नाही. एखाद्या माणसाला काय हवे आहे हे त्याला न विचारता ठरवणाऱ्या प्रत्येक अधिकारावर आहे, मग तो अधिकार पोथीतून आलेला असो, पक्षाच्या कार्यालयातून आलेला असो किंवा दवाखान्यातून.

प्रश्न : मी वसई भागातला, मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबातला तरुण आहे. मी समलिंगी आहे. रविवारची मिस्सा मला सोडवत नाही, आणि तेथे बसवतही नाही. चर्चमध्ये राहावे की बाहेर पडावे?

उत्तर : हा निर्णय मी आपल्या वतीने घेणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला घेऊ देऊ नका असेही सुचवतो. वस्तुस्थिती एवढी सांगता येईल. कॅथलिक चर्चची धर्मशिकवण आजही समलिंगी संबंधांना अयोग्यच मानते. मात्र तीच शिकवण अशा व्यक्तींना आदराने आणि सहानुभूतीने स्वीकारावे, त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असेही सांगते. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, १८ डिसेंबर २०२३ रोजी, व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विवाहविधीशी संबंध नसलेला साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली, आणि आफ्रिकेतील अनेक बिशपांनी तिला उघड विरोध केला. म्हणजे दार किलकिले झाले आहे, पण ते पूर्ण उघडेल याची हमी आपल्या हयातीत कोणी देऊ शकत नाही. आपण आत राहिलात तर ते आपल्या अटींवर राहा : कबुलीच्या वेळी आपले असणे हेच पाप म्हणून सांगण्याची गरज नाही, आणि चर्चच्या शाळेत वा रुग्णालयात नोकरीवर गदा आली तर तो श्रद्धेचा नव्हे, नोकरीच्या हक्काचा प्रश्न समजून वकिलाकडे जा. आपण बाहेर पडलात तर गायनवृंद, सण आणि आजीची भाषा मागे ठेवून यावी लागतात असे नाही. नाताळ साजरा करणारे निरीश्वरवादी वसईतही असतील.

प्रश्न : आम्ही दोघी पन्नाशीच्या पुढच्या असून वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहतो. दोघीही अविवाहित आणि हिंदू आहोत. फ्लॅट दोघींच्या नावावर आहे. भावांशी संबंध नाममात्र आहेत. विवाहाचा हक्क मिळेल तेव्हा मिळो. तोवर एकीचे बरेवाईट झाले तर दुसरीला घराबाहेर काढले जाऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : आपले पत्र या सर्वांत व्यवहारी, म्हणून उत्तरही तसेच. २०२३ च्या निकालावरील पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या, तेव्हा नजीकच्या काळात न्यायालयाकडून विवाहाची अपेक्षा धरू नये. कायदा करणे संसदेच्या हाती आहे. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कुटुंब केवळ विवाहानेच बनते असे नाही, ‘निवडलेले कुटुंब’ही कुटुंबच, असे म्हटले आहे. ते धीर देणारे आहे, पण त्यावर सातबारा किंवा शेअर सर्टिफिकेट नावावर होत नाही.

मृत्युपत्र करा, दोघींनी स्वतंत्रपणे, आणि याच महिन्यात. ते नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित स्त्रीची मालमत्ता आधी आईवडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे आपल्या बाबतीत त्या नाममात्र भावांकडे किंवा त्यांच्या मुलांकडे जाते. फ्लॅट दोघींच्या नावावर आहे म्हणून तो मागे राहिलेलीचा आपोआप होईल हा समज सार्वत्रिक आणि चुकीचा आहे; गेलेलीचा अर्धा हिस्सा तिच्या वारसांना मिळतो, आणि मग भाऊ त्याच घराचा सहमालक म्हणून दारात उभा राहतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी आपण ती करावी, कारण आपल्या बाबतीत आव्हान येण्याचा संभव अधिक. दोन साक्षीदार असे घ्यावेत की ज्यांना त्यात काही मिळणार नाही. त्यांतला एक आपल्याहून वयाने लहान आणि एक आपल्या ओळखीचा डॉक्टर असला तर उत्तम. जवळच्या नातलगांना का वगळले हे दोन वाक्यांत, कटुता न आणता, लिहून ठेवावे.

बँक, भविष्यनिर्वाह निधी, विमा, म्युच्युअल फंड आणि गृहनिर्माण संस्था या सर्व ठिकाणी नामनिर्देशन तपासा. बऱ्याच जणींच्या जुन्या अर्जांवर आईचे किंवा भावाचे नाव तसेच राहिलेले असते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही बहुतेक ठिकाणी रक्कम ताब्यात घेणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. म्हणून त्याने मृत्युपत्राची गरज संपत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने, समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांचे नामनिर्देशन करण्यास कोणतीही आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले आहे. शाखेतल्या लिपिकाने ‘नाते काय?’ या रकान्याशी अडवले तर त्या परिपत्रकाची छापील प्रत पुढे ठेवावी. शिधापत्रिकेवर एकत्र कुटुंब म्हणून नोंद करण्याविषयीही केंद्राने राज्यांना त्याच सुमारास कळवले आहे.

हयातीत एकीने दुसरीला मोठी भेट देताना जपावे. नातलगांना मिळणारी मुद्रांक शुल्काची सवलत आपल्याला मिळत नाही, आणि वर्षाला पन्नास हजार रुपयांपेक्षा अधिक भेट ‘नातलग’ नसलेल्या व्यक्तीकडून आली तर ती घेणारीच्या उत्पन्नात धरून कर बसतो. पती-पत्नींना तो बसत नाही. या भेदाला एका जोडप्याने २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर मात्र हा कर नाही.

राहिला दवाखाना. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही कोणाची, हा प्रश्न रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभा राहतो, आणि त्या वेळी परिपत्रके शोधायला कोणाला सवड नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेले आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र दोघींनी करावे : दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन एवढे त्याला पुरते, आणि आपण शुद्धीवर नसू तेव्हा उपचार नाकारण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय कोणी घ्यावा त्या व्यक्तीचे नाव त्यात लिहिता येते. मानसिक आजाराच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याखाली कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपली प्रतिनिधी नेमण्याची वेगळी सोय आहे. या कागदांची एक प्रत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक शेजारच्या विश्वासू घरी आणि एक प्रत्येकीच्या पर्समध्ये ठेवावी. मूळ प्रती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नयेत. लॉकर एकीच्याच नावावर असला आणि त्याला नामनिर्देशन नसले तर तो उघडायला आधी वारसाचे कागद मागू शकतात.